सत्तावीस पिवळे बॉम्ब

१२ सप्टेंबर, मंगळवार
नवी वही. पहिल्या पानावर नाव घातलं: क्लिफर्ड टास्कर, निवृत्त पोस्टमास्तर, नॉर्थ कॅस्कबी, लिंकनशर. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.
आज आमच्या छोटी विमानं जोडणाऱ्यांच्या क्लबात चर्चच्या व्हिकर जूडिथबाई आल्या. चर्चमध्ये काचेची पेटी बसवायची आहे आणि तिच्यात सुटे भाग जोडून केलेलं हातभर लांबीचं एक लँकेस्टर बॉम्बर विमान ठेवायचं आहे. आपल्या गावच्या सिरिल लेगॉटचं. शेपटाकडच्या काचेच्या घुमटात बसून तो मशीनगन चालवायचा. १९४४च्या मार्चमध्ये गेला, वय एकोणीस. त्याला पाहिलेलं आता एकच माणूस उरलं आहे, धाकटी बहीण मिस एनिड लेगॉट. वय एक्याण्णव. भावाचं विमान एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणते. अनावरण युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी, १२ नोव्हेंबरला.
लेन पॉकलिंग्टनने हात वर केला. मी उभं राहून दोन्ही हात वर केले. लेन म्हणाला, क्लिफ, तुझ्या मागच्या विमानाची चाकं उलटी होती. मी म्हणालो, लेनर्ड, हा प्रश्न चाकांचा नाही, आत्म्याचा आहे. जूडिथबाईंना ते पटलं असावं. काम मला मिळालं.
शिवाय १४ नोव्हेंबरला क्लबाचा वेदरिंग कप आहे. विमान काय, कोणीही जोडतो. ते वापरलेलं, झिजलेलं, ऊनपाऊस खाल्लेलं दाखवणं ही कला. लेनने कप सहा वेळा नेला. यंदा नाही.
संकल्प: रोज सकाळी दोन तास. घाई नाही. ग्लू जपून.

१४ सप्टेंबर, गुरुवार
संशोधनासाठी मिस लेगॉटकडे. चहा, प्लम ब्रेड, वर चीजचा काप. शेकोटीवरच्या फळीवर, मँटलपीसवर, सिरिलचा फोटो, टोपी तिरकी. बाई दीड तास बोलल्या. मधे माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी कुरकुरू लागली, म्हणून यंत्र बंद ठेवलं. ऐकल्यासारखं दाखवणं मला काउंटरवरच्या बत्तीस वर्षांत चांगलं जमलंय. मान हलवायची, मधेच "अरेरे" म्हणायचं.
शेवटी मी शाळेत पाठ केलेली एक कविता संपूर्ण म्हणून दाखवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कवितेने आलं.
निघताना त्यांना सांगून ठेवलं, की लेन आडून काही बोलला तर मनावर घेऊ नका, तो माझ्यावर जळतो.
घरी येऊन म्यूरियलला म्हणालो, आम्ही युद्ध सोसलेली पिढी. ती म्हणाली, तू सेहेचाळीसचा, क्लिफ. युद्ध संपून वर्ष झालं होतं.
बायकोला काव्य कळत नाही.

२१ सप्टेंबर
डावा पंख जोडला.

२२ सप्टेंबर
डावा पंख उजवा निघाला. सोडवताना थोडा भाग निघून आला. युद्धात असं व्हायचंच.

३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११
नाकाशी, वैमानिकाच्या खिडकीखाली, ग्लूचा अंगठा उमटला. माझाच. रेघान् रेघ दिसते, पोलिसांनी घेतल्यासारखा. घासला. आणखी खोल गेला. रंग दिला. रंगाखालून उठून दिसतो.
दुपारी २. क्लबात विचारलं नाही. लेन हसला असता.

४ ऑक्टोबर
सुचलं! खऱ्या विमानांवर तिथेच, नाकाच्या डाव्या अंगाला, पिवळ्या बॉम्बची चित्रं काढायचे. एका मोहिमेवरून सुखरूप परत आलं की एक बॉम्ब. खोक्यात चिकटवायच्या चित्रांचा तावच आहे. नऊ बॉम्ब लावले. अंगठा अर्धा झाकला.
दुपारी: अठरा लावले. अंगठ्याचं टोक दिसतं.
चहानंतर: सत्तावीस. अंगठा गेला! तीन रांगा, नऊ-नऊच्या. काय शोभतात! सत्तावीस वेळा मृत्यूच्या दारातून परत आलेलं विमान. इतिहास बोलू लागला म्हणतात तो असा.

१० ऑक्टोबर
पंखावर रंगाचे ओघळ आले. त्यांवरून इंजिनांच्या धुराची काजळी मारली, रंग फवारायच्या एअरब्रशने. पोटाची फट बुजत नव्हती, तिथे धावपट्टीचा चिखल. एका चाकाला दुसऱ्यापेक्षा उंची जास्त, तिथे तेल गळाल्याचा डाग. एकही दोष उरला नाही. सगळं वेदरिंग झालं.
म्यूरियल डोकावली. म्हणाली, हे उडत होतं की याच्यात कोळसा भरत होते?

१६ ऑक्टोबर
मिस लेगॉटचा फोन. विमान झालं का, आधी नुसतं बघायला येऊ का, माझं काय सांगता येतं, असं म्हणाल्या. मी म्हणालो, अनावरणाआधी दाखवलं तर रस जातो. त्या म्हणाल्या, बरं, मिस्टर टास्कर, तुम्ही म्हणाल तसं, थांबते.
समजूतदार बाई.

२४ ऑक्टोबर, मंगळवार
क्लब. लेन माझ्या आधी येऊन बसला होता. पुढ्यात कागद. सिरिलच्या तुकडीच्या रोजनाम्याची नक्कल त्याने सरकारी दफ्तरातून मागवली. म्हणे, विमान नऊ मार्चला कारखान्यातून आलं, अठरा मार्चला गेलं. पहिलीच मोहीम. सिरिल आणि त्याचे सोबतीही तिथे त्याच आठवड्यात आलेले, त्याआधी दूर उत्तरेत शिकत होते. एकही बॉम्ब नाही, क्लिफ. काजळी नाही, चिखल नाही. ते विमान कोरं होतं. रंग सुकायच्या आत गेलं.
मग आवाज उतरवून म्हणाला, रविवारी माझ्याकडे घेऊन ये, दोघं मिळून धुऊन काढू आणि परत रंगवू. चार दिवसांचं काम. कोणाला सांगणार नाही.
यातली खुबी मला लगेच कळली. धुतलं की अंगठा दिसणार, आणि कप लेनला. मी म्हणालो, कागद कारकून लिहितात, लेनर्ड, आणि कारकून मी बत्तीस वर्षं पाहिलेत. त्याने कागदाची घडी घातली. नंतर फक्त म्हणाला, बाईंना काय वाटेल याचा विचार कर.
केला. बाईंना अभिमान वाटेल. एका फेरीत गेलेल्या भावापेक्षा सत्तावीस फेऱ्या केलेला भाऊ केव्हाही बरा.

५ नोव्हेंबर, रविवार
गावात दरवर्षीची शेकोटी, फटाके. मी घरात. पेटीवर लावायच्या कार्डासाठी कविता केली:

सत्तावीस वेळा गेला, सत्तावीस वेळा आला,
अठ्ठाविसाव्या रात्री मात्र तारा होऊन गेला.

म्यूरियलला वाचून दाखवली. ती म्हणाली, पण लेन तर म्हणतो... मी म्हणालो, यमक बघ. ती उठून भांडी घासायला गेली.

१२ नोव्हेंबर, रविवार
सगळं गाव होतं. सगळ्यांच्या कोटाला युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल कागदी पॉपीचं फूल. मिस लेगॉट चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यावर शाल. जूडिथबाईंनी पडदा ओढला.
बाई बराच वेळ काचेला नाक लावून बसल्या. कुठे बसायचा तो, असं विचारलं. मी शेपटाचा घुमट दाखवला. एवढाच, म्हणाल्या. काचेवरून बोट फिरवलं. मग बोट विमानाच्या नाकाकडे आलं आणि त्या बॉम्ब मोजायला लागल्या. मी म्हणालो, मोजायचे कष्ट घेऊ नका, आणि कविता म्हटली. खड्या आवाजात.
त्यांनी परत म्हणायला लावली. मी परत म्हटली.
मग विचारलं, सत्तावीस वेळा आला म्हणजे परत आला? मी म्हणालो, सुखरूप, मॅडम, प्रत्येक बॉम्ब म्हणजे एक रात्र. त्या म्हणाल्या, पण आई तर सांगायची, जाऊन आठवडाच झाला होता, पहिल्याच फेरीत गेला, म्हणून घरी यायला जमलं नाही. त्याचा तळ बाराच मैलांवर होता ना.
सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, घरच्यांना सगळं कळवत नसत. हे संशोधन आहे.
लेनने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अकराचा टोला पडला. बिगूल. दोन मिनिटांची स्तब्धता. अख्खं गाव मान खाली घालून उभं. लेन तोंड मिटून लाल होत होता. बाईंची मान तेवढी वर, विमानाकडे. ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना. जवळ होतो म्हणून दिसलं: नऊ, दहा, अकरा...
दोन मिनिटं इतकी लांब असतात हे माहीत नव्हतं.
नंतर त्यांना थंडी वाजली म्हणून लगेच घरी नेलं. बाहेर लेनने माझी बाही धरली. म्हणाला, आज जाऊन सांग, नाहीतर मी सांगतो. मी म्हणालो, मंगळवारनंतर. कपाचं तोंडावर आलंय, मन स्थिर हवं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
कप लेनला. सातव्यांदा. माझ्या कागदावर परीक्षकाने लिहिलं: "वेदरिंग अति. बॉम्ब तिरके." लोक चेष्टा करतात ती करोत.
लेन कप घ्यायला उठलाच नाही. हातात आणून दिला, तो खुर्चीवरच ठेवून गेला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
म्यूरियल मिस लेगॉटकडे सूप घेऊन गेली होती. आल्यावर कोट न काढता खुर्चीत बसली. मँटलपीसवरचा फोटो नाही, म्हणाली. खणात ठेवलाय, पालथा.
बाई तिला म्हणाल्या म्हणे, बारा मैल, म्यूरियल. सायकलने तास. बाकीची पोरं यायची, पलीकडच्या गल्लीतला तर केक खायला यायचा. हा सत्तावीस वेळा परत आला आणि एकदा घरी यावंसं वाटलं नाही. एक चिठ्ठी नाही. मी बारा वर्षांची, रोज फाटकावर बसायचे. आईला ठाऊक असणार. मला वाईट वाटू नये म्हणून ती आठवड्याची गोष्ट रचली असणार. एकोणऐंशी वर्षं मी त्याच्यासाठी रडले, आणि त्याला आमचं काही नव्हतं.
म्यूरियल म्हणाली, जा.
संकल्प: उद्या सकाळी.

१७ नोव्हेंबर
पाऊस.

१८ नोव्हेंबर
पाऊस कमी. पण गुडघा.

१९ नोव्हेंबर
लेन जाऊन आला. कागद घेऊन गेला होता. बाई म्हणाल्या, लेनर्ड, तू टास्करांवर जळतोस हे मला ठाऊक आहे, दार लावून घे. लेनने कागद आमच्या पत्रपेटीत टाकला. चिठ्ठी नाही.
म्यूरियल दोन दिवस माझ्याशी फक्त "मीठ" आणि "दिवा" एवढंच बोलते.

२० नोव्हेंबर
काय बोलायचं ते लिहून काढलं. चार पानं झाली. वाचून पाहिलं. तीन पानांत मीच होतो. फाडलं.

२२ नोव्हेंबर, बुधवार
गेलो. नवी बॅटरी घातली होती. प्रत्येक शब्द ऐकू येत होता, घड्याळसुद्धा.
मँटलपीसवर फोटोच्या जागी धुळीतला चौकोन.
मी सांगितलं. आधी आडवळणाने, मग सरळ. की बॉम्ब खोटे आहेत. ग्लूचा अंगठा झाकायला लावले. काजळी ओघळांवर मारली, चिखल फटीत भरला. विमान कोरं होतं. सिरिल तिथे नऊ दिवस होता, पहिल्याच फेरीत गेला. घरी यायला त्याला वेळच मिळाला नाही. तुमची आई खरं सांगत होती. कविता यमकासाठी केली. तुम्ही मला हे सगळं सप्टेंबरात सांगितलं असणार, पण माझं यंत्र बंद होतं. मग लेनचा कागद पुढे केला.
बाईंनी चष्मा घेतला नाही. कागद न उलगडता माझ्या खिशात परत सरकवला. मग माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, मिस्टर टास्कर, एवढं सुरेख काम केलंत, आणि आता एका म्हातारीचं मन राखायला स्वतःला गावात खोटं पाडून घेताय. माझी आई अशीच होती. अगदी हेच सांगायची, याच आवाजात.
मी म्हणालो, नाही हो, खरंच. त्या म्हणाल्या, असू दे, असू दे.
मी रडलो असेन. त्यांनी शालीच्या टोकाने माझा चष्मा पुसला. मी कोट घालत होतो, बाही सापडेना, तर खुर्चीतूनच वाकून त्यांनी बाही धरली. म्हणाल्या, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. मला आता सिरिलचं काही वाटत नाही.