मायले महारोग नाई

मनसारामभाऊ,

ड्युटीवरून आला की पहिले हे वाच. मायले सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं. मी तिचं लुगडं घ्याले घरी आली होती, आता वापस चालली.

भाऊ, मायले महारोग नाई. तिले खरूज आहे. दम्यासाठी ती दोन वर्षं ज्या गोळ्या खात होती, त्यानं अंगातली ताकद गेली, म्हणून खरजेचे किडे हजारोनं वाढले अन् कातडीवर ते जाड पापुद्रे चढले, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "पहिले आणलं असतं तर?" ते म्हणाले, "महिन्याभरात बरी झाली असती." आता भेगांतून जहर रक्तात गेलं. वाचणं कठीण आहे म्हणतात.

लोकांचं ऐकून आपण तिले चार महिने गोठ्यात ठेवलं. मी बी दुरूनच ताट सरकवत होती.

डॉक्टरानं दिलेली शिशी इथं ठेवली आहे, त्यातलं औषध मानेपासून पायापर्यंत लाव. खरूज आपल्याले बी लागते. घरातले सारे कपडे, गोधड्या उकळाले टाक, अन् मिळन त्या गाडीनं ये.

महारोग नाई हे मायले सांगितलं तवा ती रडली नाई. माह्याकडे पाहत म्हणाली, "मंग आता मले घरात घ्यान ना वं, कुंते?"

मी हो म्हटलं. तू बी येऊन तेच सांग, अन् सांगताना तिचा हात धर.

कुंता