उकळूनही न गेलेलं वर्तुळ

परभणी, मंगळवार संध्याकाळ

ते वर्तुळ फारच स्वच्छ आहे, म्हणूनच पटत नाही. ज्वारीच्या दाण्यात बुरशीला अडवणारी प्रथिनं असतात, हे मान्य. राणीसावरगावच्या आत्यानं दिलेल्या गावरान ज्वारीचा अर्क बशीत टाकला की त्याच्याभोवती बुरशी येत नाही, मोकळं वर्तुळ राहतं. पण एवढं मोठं?

आधी संशय प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सुनीतावर. माझ्या नळीत तिनं काही मिसळलं असेल का? चार दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. मग दार लावून एकटीनंच अर्क काढला आणि उकळून बशीत टाकला. उकळल्यावर ही प्रथिनं निकामी व्हायला हवीत. आज बशी पाहिली. वर्तुळ तसंच.

म्हणजे हे प्रथिन नव्हेच. आत्याला फोन लावला. "बियाला काही लावलं होतंस का?"

"लावलं की. पेरणीच्या वक्ताला लावतेत ते बुरशीचं औषध चोळलं अन् फडक्यानं पुसून दिलं. दुसऱ्याच्या घरी जायलंय बी, तसंच कसं द्यावं? तुझ्या हापिसात नाव न्हाई का जायचं?"

बुरशी अडवत होतं ते औषध, आणि ते उकळूनही जात नाही. तिच्यावर काय रागावणार? सुनीताची माफी उद्या मागेन. पण एक गोष्ट टोचतेच आहे. मागच्या वर्षीचं बीही आत्याचंच होतं. त्या वर्तुळाचा फोटो सरांच्या अहवालात पहिल्याच पानावर आहे, खाली माझं नाव. तेव्हा अर्क उकळून बघायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. तेव्हा संशय आलाच नव्हता.