बारा इंचांचा खांदा

ता. ४ फेब्रुवारी

चि. शिडीस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पहिलं पत्र पोचलं. मॉडेल झालीस, विमानात बसलीस, आणि पत्रात काय तर खिडकीतून दिसणारी झाडं. झाडं इथेही आहेत. एका खोलीत सहा पोरी, शेजारच्या पलंगावरचीला तुम्ही पिटुकली म्हणता, हे कळलं. मजला कितवा, दाराला आतून कडी आहे का, एवढं लिहायला मात्र शाई पुरली नाही.

मी सात वर्षं शोच्या मागच्या खोलीत पोरींना कपडे चढवलेत, दोनदा परदेशी जाऊन आलेय. शिक्षण चौथी, पण डोळे शाबूत आहेत. म्हणून सांगते ते ऐक. पासपोर्ट आपल्या अंगावर. कोणी म्हणेल, कपाटात नीट राहील. तर कपाट त्यांचं आणि किल्लीही त्यांची. व्हिसा कामाचा दिलाय की फिरायला आलेल्यांचा, ते कुणाकडून तरी वाचून घे. फिरायचा असला तर उद्या काही झालं की चूक तुझीच ठरणार. आपल्या वकिलातीचा नंबर पाठ कर, कागद हरवतात. फोटोला बोलावलं की आधी विचार, तिथे बाई कोण असणार. दार लागलं आणि आत बाई नाही, तर कपडे बदलायचेच नाहीत, तशीच बाहेर ये. सपाट चपला पिशवीत असू देत. उंच टाचांवर पळता येत नाही.

नव्या कपड्यांचे फोटो बाहेर जातात म्हणून त्या घरच्या मॅडमनं तुमचे फोन काढून घेतले, आणि पत्रावर आपला फोन धरून त्याचा अर्थ वाचते, हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मला गंमत वाटली नाही. हे पत्रही ती वाचत असेल तर बरंच आहे. करारनाम्याची झेरॉक्स तुझ्या बापाकडे आहे, तिला कळू दे.

माझा लोभ आहेच, त्याची काळजी नको. पासपोर्टची कर.

तुझी आत्या


ता. १९ फेब्रुवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. वि. वि.

इथे सगळं छान आहे. मॅडम फार काळजी घेतात. पासपोर्ट त्यांच्याकडेच असतो, त्यामुळे हरवायची भीती नाही. बाहेर एकटीला जावं लागत नाही, कुणीतरी सोबत असतंच. परवा फोटोसाठी टेकडीवरच्या एका मोठ्या घरी नेलं होतं. तिथली माणसंही फार अगत्याची आहेत.

२५ मार्चला मला आणि पिटुकलीला बोटीनं दुसऱ्या देशात नेणार आहेत. तिथून पत्र टाकता येणार नाही म्हणतात, म्हणून आताच लिहिते.

एक काम होतं. बोटीवर घालायला तुझ्या हातचा झगा हवाय. खांदा बारा, छाती सव्वीस, कंबर चोवीस, उंची चौतीस. अगदी याच मापाचा शीव, काही बदलू नकोस. लवकर कर.

बाबांना नमस्कार. तुझी माया मला अशीच पुरत राहो.

तुझी शिडी


ता. २ मार्च

चि. शिडीस आशीर्वाद.

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझा खांदा साडेचौदा. माणूस वाळला तर कंबर उतरते, खांद्याचं हाड उतरत नाही. हे माप तुझं नाहीच, कुठल्या तरी शाळकरी पोरीचं आहे. टेप कुठल्या गाढवाच्या हातात दिली होतीस? नीट माप कळवल्याशिवाय मी कापडाला कात्री लावायची नाही. आणि पासपोर्टचं सांगितलेलं कुठल्या कानानं ऐकलंस? आधी तो परत माग.

राग धरू नकोस, मी धरलाय तेवढा पुरे.

आत्या


ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

सकाळी फोनवर सांगितलं तेच लिहून देतेय, कारण सरकारी कचेरीत तोंडी कोणी ऐकत नाही. शेजारची नर्स आज तुमच्या गावाला येतेय. तिच्या हाती हे पत्र, पोरीचं पत्र आणि माझी मापाची जुनी वही देतेय. वहीत खूण घातलीय ते पान बघ. खांदा बारा, छाती सव्वीस, कंबर चोवीस, उंची चौतीस. अक्षर तुझ्या लेकीचंच आहे, सहावीतलं. मी आकडे ओरडायचे आणि ती लिहायची.

तुला ती वसतिगृहाची गोष्ट आठवत असेल. गणवेशाचं माप घ्यायला मी तिथे गेले, तर पोर तोंडातून शब्द काढेना. हे चार आकडे मात्र लिहिले. मग मी बाही वर केली आणि दंडावरचे वळ दिसले. त्याच दिवशी तिला उचलून घरी आणली. पुढे कितीतरी वर्षं ते आकडे ती पाढ्यासारखे म्हणायची आणि आपण हसायचो, तरी परवा मला ओळखू आले नाहीत; काल रात्री वही उघडली तेव्हा कळलं. मॅडमच्या फोनला शब्द कळतात, या आकड्यांमागची गोष्ट कळणार नाही, एवढं पोरीनं ओळखलं. पोर झगा मागत नाही. येऊन घेऊन जा म्हणतेय.

आणि मी काय केलं? काल तिला शिव्या घालून पत्र टाकलं, की हे माप तुझं नाही. मॅडमनं ते वाचलं तर तिला सगळं कळेल. आज टपालाची पेटी उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. बाबू म्हणाला, कालची पिशवी कालच गेली. दोनदा सुई बोटात घुसली तरी कळलं नाही.

करारनाम्याची झेरॉक्स, तिचा फोटो आणि घराचा पत्ता घेऊन आजच कचेरीत जा, तिथल्या आपल्या वकिलातीला कळवायला लाव. साहेब उद्या ये म्हणाले तर तिथेच बसून राहा. नेहमीसारखा भिडस्तपणा करू नकोस. २५ तारखेआधी तिला त्या घरातून काढायची आहे. माझं पत्र आधी पोचतं की वकिलातीचा माणूस, देव जाणे.

माझ्यावर चिडायचं असेल तर नंतर चीड.

ताई


ता. १७ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी वकिलातीत आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मलाही रडू येतं, म्हणून लिहून काढतेय. इथले साहेब या कागदाचा फोटो बाबांना पाठवतील.

तुझं अक्षर मॅडमच्या फोनला कधी वाचताच आलं नाही. ती मलाच वाचायला लावायची आणि मी हवं ते वाचायचे. शिव्यांचं पत्र आलं तेव्हा मी तिला सांगितलं, आत्यानं कापड आणलंय, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मग न्हाणीघरात जाऊन बसले. तुला कळलंच नाही, आता कुणाला कळणार, असं वाटलं. नळ सोडून ठेवला होता, आवाज जाऊ नये म्हणून.

तीन दिवसांनी साहेब पोलिसांना घेऊन आले. दारातच म्हणाले, हिच्या आत्याला फार बरं नाही, पासपोर्ट द्या. मॅडमनं मुकाट्यानं दिला. बाकीच्या चौघींनाही पोलिसांनी बाहेर काढलं, पण पिटुकली तिथे नव्हती. आदल्या दिवशीच तिला टेकडीवरच्या घरी नेलं होतं. फोटोच्या दिवशी तिथे बाई कुणी नव्हती, आत्या. मी तू सांगितल्यासारखी चालू लागले, तर फाटकाला कुलूप. पुढचं घरी आल्यावर सांगेन.

ते घर पोलिसांना माहीत नाही. रस्ता मी एकटीनंच पाहिलाय. उद्या सकाळी त्यांच्याबरोबर येतेस का, असं विचारतात. नाही म्हटलं तर दुपारच्या विमानानं मला पाठवतील. काय करू?

तुझी शिडी


ता. १७ मार्च, संध्याकाळ

चि. शिडीस आत्याचे आशीर्वाद.

तुझ्या बापानं पत्र फोनवर दोनदा वाचून दाखवलं. याचा फोटो शेजारची नर्स तिकडे पाठवतेय. तो म्हणतो, आधी पोरीला घरी आणा. मीही तेच लिहिलं होतं, की आपल्याला काय करायचंय, दुपारचं विमान धर. तो कागद फाडला. पिटुकलीला आई आहे की नाही तेसुद्धा मी तुला कधी विचारलं नाही.

जा. पण पुढच्या सीटवर बसायचं नाही, मागे बसायचं, दोन्ही बाजूंना पोलीस, त्यातली एक बाई. बाई नसली तर गाडीत चढू नकोस. काच खाली करायची नाही. घर दिसलं की बोट दाखव आणि डोकं खाली घे. कोणी कितीही गोड हाक मारली, पिटुकलीनं मारली तरी, तू उतरायचं नाहीस. तिला आणायचं काम त्यांचं.

मला फार भीती वाटतेय हे तुला सांगणार नव्हते. सकाळी तू निघालीस की मी मशिनवर बसेन, दुसरं काही सुचणार नाही. परत आलीस की आधी मला कळव, मग पाणी पी.

आत्या