मागच्या दाराची जागा समीनाला

मी, दिलावर बाबालाल आतार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा नाटकाचे पडदे रंगवणे, राहणार भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगतो आणि प्रेरणाताई वकील ते लिहून घेतात. माझी अक्कल शाबूत आहे. कंबरेखाली काही शाबूत नाही, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत, असे ताईंनी खात्रीने सांगितले आहे. आमच्या मुसलमानी कायद्याप्रमाणे मालमत्तेच्या एक-तृतीयांशापुरतेच मला माझ्या मर्जीने देता येते. खाली समीनाला जे देतो ते त्यात बसते, आणि माझा एकुलता मुलगा मोहसीन याचीही त्याला संमती आहे.

१. राहते घर मोहसीनचे. त्याचे गॅरेज कापूरहोळला आहे, म्हणून घर विकून त्याने तिकडे जाऊ नये असे मला वाटते, पण नुसत्या वाटण्यावर कायदा चालत नाही. बँकेत असेल ते त्याचेच. रेडिओ सूनबाई अम्रीनला द्यावा. तिने इतकी वर्षे माझे सगळे अंथरुणातले केले आणि एकदाही तोंड वाकडे केले नाही. रेडिओ फारच कमी आहे, मला कळते.

२. जंगल, राजवाडा आणि रस्ता हे तीन पडदे आंबवड्याच्या नाटक मंडळीला द्यावेत. पडद्याची घडी घालू नये, बांबूवर गुंडाळावा. दर वर्षी सांगतो, दर वर्षी घडी घालतात, आणि मग राजवाड्याच्या खांबांना सुरकुत्या पडल्या म्हणून माझ्याच नावाने खडे फोडतात.

३. दोन बाजूंना बांबू बांधलेली लाकडी खुर्ची. ती कोणालाही देऊ नये. मोडून बंबात घालावी.

कारण सांगतो. जत्रेच्या नाटकाचा पडदा टांगताना रंगसेवा मंडळाच्या सभागृहात मी शिडीवरून पडलो. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे. मंडळाने ठरवले, दिलावरला दर वर्षी नाटकाला मानाने आणायचे. सभागृहाच्या पायऱ्या उंच. आंबवडे गावचे लोक म्हणाले आम्ही उचलणार, भाटघर गावचे म्हणाले आम्ही. बाचाबाची झाली. मंडळाचा अध्यक्ष सावळाराम माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने तोड काढली की वर चढवायचा मान आंबवडेकरांचा आणि खाली उतरवायचा भाटघरकरांचा. सगळे खूश झाले. मला कोणी विचारले नाही. नारळ फुटतो, हलगी वाजते, मी त्या बांबूच्या खुर्चीत हवेत, आणि लोक टाळ्या वाजवतात. अरे, टाळ्या कसल्या? मी काय गड जिंकून आलो?

एका वर्षी दुपारचा प्रयोग होता. मध्येच निरोप आला की भाटघरचे सोनबा गेले. भाटघरकर तसेच उठून मयतीला गेले. बरोबरच केले त्यांनी. प्रयोग संपला, लोक पांगले, मी पहिल्या रांगेत बसलेलो. आंबवड्याचा रखमाजी समोरच होता. म्हणालो, “बाबा, उतरव मला.” तर म्हणतो, “दिलावरभाई, उतरवायचा मान त्यांचा हाय. आमी हात लावला तर उद्या डोकी फुटतील. येतीलच की ते.” मयतीला गेलेली माणसे येतीलच की! आली, पण दिवेलागणीला, तीही सावळारामने माणूस धाडल्यावर. तोवर मला लघवीला लागली होती. हे मृत्युपत्रात नको, असे ताई म्हणतात. लिहा ताई, लिहा. मी त्या खुर्चीत ओला झालो. समोर मीच रंगवलेला राजवाडा टांगलेला, आणि दारात आंबवड्याची आठ-दहा धडधाकट माणसे अदबीने उभी. पुढच्या वर्षी पुन्हा नारळ फुटला.

४. मयत झाल्यावर मला आमच्या कब्रस्तानात, झुबेदाच्या जवळ जागा असेल तिथे ठेवावे. झुबेदा म्हणजे माझी बायको, ती आधी गेली. जनाजा खांद्यावरून न्यायचा असतो, त्या दिवशी उचलण्याबद्दल माझी तक्रार नाही. मान कोणाचा यावर मात्र कोणी भांडू नये.

५. सावळारामला मी काही देत नाही. मी पडलो तेव्हा दवाखान्यात तोच धावला, चाकाची खुर्चीही त्यानेच आणली, हे मी विसरलेलो नाही. पण सभागृहाला चाकांसाठी उतार कर म्हटले की त्याचे ठरलेले उत्तर, “आरं, त्या दोन गावांचा मान मोडंल. आन् राजाला काय पायऱ्या चढाव्या लागत्यात व्हय?” हा जन्मभर राजाच्या भूमिका करत आला, पण विंगेतून आपल्या पायांनी चालत येऊन. मी त्याला लाख वेळा सांगितले, मला राजा करू नकोस, मला नुसता प्रेक्षक कर. ते त्याच्या डोक्यात शिरत नाही.

६. समीना ही माझी नात, मोहसीनची मुलगी, वय एकोणीस. पोलिओने लहानपणीच पाय गेले. हाताने फिरवायच्या तीनचाकीवर सगळीकडे जाते. बोलते अशी की हातातले काम ठेवून ऐकत बसावे. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या एकपात्री स्पर्धेत तिचे नाव होते. पायऱ्यांपाशी सावळाराम म्हणाला, “चार पोरं उचलत्याल की. पोरगी फुलावानी हलकी हाय.” परक्या चार पोरांनी तिला उचलायचे आणि गावाने बघत राहायचे! ती म्हणाली, “मला हलकं व्हायचं न्हाई काका, मला वर यायचंय.” आणि तीनचाकी वळवली. आत तिच्या नावाचा पुकारा झाला, तो आम्ही दोघांनी बाहेर ऐकला. तेव्हापासून ती माझ्या पडद्यांच्या शेडमध्ये रंगांच्या डब्यांसमोर बोलते. मी ऐकतो आणि माझा जीव तुटतो.

ही शेड आणि तिच्यापुढची मोकळी जागा माझ्या मालकीची आहे. सभागृहाचे मागचे दार तिथेच उघडते. टेम्पो उलटा लावायचा, फाळका पाडायचा, की पेटी, तबला, सिंहासन सरळ रंगमंचावर सरकते. पेटी जाते, माणूस जात नाही. तिथे सिमेंटचा सावकाश चढणारा उतार केला, बाजूला कठडा दिला, तर तीनचाकी कुणाचा हात न लागता वर जाईल. गुडघे गेलेली धोंडाबाई जाईल, डोळ्यांनी अधू कोंडिबा जाईल. जागा मी देतो, सिमेंटही देतो, असे सांगून माझी जीभ झिजली.

म्हणून ही शेड आणि जागा समीनाची. माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात मंडळाने तिथे उतार बांधावा. न बांधल्यास समीनाने मागच्या दारासमोर भिंत घालावी. मग मंडळाने आपली सिंहासने पुढच्या पायऱ्यांवरून डोक्यावर वाहावीत.

इथवर झाल्यावर ताईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. साक्षीसाठी बोलावलेला सावळाराम माझ्या पलंगाशी बसून ऐकत होता. समीना दारात होती. ती म्हणाली, “म्हंजे दादाजी, तुमी मरायची वाट बगत बसू का मी?”

लोकांनी पोरीला पायऱ्यांखाली अडकवले, आणि मी तिला माझ्या मरणापाशी अडकवून ठेवत होतो. वर त्यालाच माया समजत होतो. सावळाराम म्हणाला, “दिलावर, नको इतकं ताणू. दोन्ही गावं रुसतील.” मी म्हणालो, “रुसू देत. रुसलेली माणसं आपल्या पायांनी घरी जातात.”

सबब कलम सहामधील ‘माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात’ हे शब्द खोडले आहेत. खोडाखोडीवर माझी सही आहे. त्याऐवजी ‘येत्या जत्रेच्या आत’ असे वाचावे. उतार झाला नाही तर भिंत समीना नाही, मी घालीन, आणि जिवंतपणी घालीन. मंडळाच्या टेम्पोला ती जागा आजपासून बंद.

सावळाराम सही न करता उठला. समीनाने “काका, चष्मा राहिला” म्हणून हाक मारली, तरी थांबला नाही. दुसरा साक्षीदार समीना तीनचाकीवर जाऊन घेऊन आली.

मुक्काम भोर, तारीख ११ फेब्रुवारी २००३.

सांगणार: दिलावर बाबालाल आतार (सही)

लिहिणार: प्रेरणा वकील (सही)

साक्षीदार पहिले: हनुमंत खोपडे, शेजारी (सही)

साक्षीदार दुसरे: गेनू साळेकर, गवंडी, राहणार वेल्हे, सध्या काम भोरात (अंगठा)

अंगठा देऊन गेनू सभागृहाच्या मागच्या दाराशी मापाची दोरी धरून उभा आहे. उतार करायचा का भिंत घालायची, असे विचारतो आहे. मंडळाने लवकर सांगावे.