एक्केचाळीस चिठ्ठ्या

३ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीकडे निघालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या माणसाला 'चिरंजीव' लिहिताना दरवेळी हसू येतं, पण ताईपणाचा हक्क सोडवत नाही. वहिनीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, तुझ्या त्या व्यायामाच्या सायकलीवर कपडे वाळत घालणं आता बंद कर.

इकडे सगळे मजेत. तुझे भाऊजी दुकानात डोळे तपासायचं नवीन यंत्र आल्यापासून कोणालाच सोडत नाहीत. परवा दूधवाल्याला दारात उभं करून अक्षरं वाचायला लावली. बिचारा दोन ओळी वाचून म्हणाला, "साहेब, दूध नासेल."

माझी बातमी म्हणजे आमच्या विद्यापीठाने मला एका समितीचं अध्यक्ष केलं आहे. सरकारी नाव लांबलचक आहे, पण चहाच्या टेबलावर सगळे तिला 'पोरं का येत नाहीत समिती' म्हणतात. आमच्या वनस्पतिशास्त्राला साठ जागा, गेल्या वर्षी मुलं आली एकोणीस. बाकीची शहराच्या गाडीत बसली. कुलगुरूंचं मत असं की फाटक रंगवलं की येतील. रंगवलं. फाटकाला टेकलेल्या दोन प्राध्यापकांचे सदरे हिरवे झाले, पोरं काही आली नाहीत. मग माहितीपुस्तिका छापली. मुखपृष्ठावर काचेची सात मजली इमारत आणि तिच्यापुढे हसणारी मुलंमुली. छापखान्याने कुठून तरी उचललेला फोटो! एक पालक ती इमारत शोधत तासभर आवारात फिरले आणि शेवटी मलाच विचारलं, "मॅडम, ती पाडली का?"

मी मात्र शहाण्यासारखं काम केलं. सात शाळांत जाऊन बारावीच्या मुलांना चिठ्ठ्या वाटल्या, नाव न लिहिता खरं काय ते लिहा म्हटलं. आपली वकीलबाई (तुझी भाची, घरात आता तिला याच नावाने हाक मारतात, कारण पाणी दे म्हटलं तरी बाजू मांडते) आणि मी दोन दिवस जमिनीवर बसून त्या लावत होतो. काय एकेक उत्तरं! 'शेवटची बस साडेसहाला जाते.' 'वसतिगृहात भुतं आहेत.' 'तिथे शिकलो की नोकरीवाले विचारतात, हे कुठे आलं?' आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर काय असेल? 'तिथे गेलं की लोक विचारतात, गुण कमी पडले का?' खरंच आहे रे. आमच्याकडे प्रवेश मिळाला की शेजारी अभिनंदनाला येत नाहीत, सांत्वनाला येतात.

बस कुठे चुकते आणि भुतं कुठे राहतात हे सगळं अहवालात घालते आहे. बाकी विशेष काही नाही.

जाता जाता एक. तुझ्या पत्त्यावर वकीलबाईच्या नावाने एक पाकीट येईल. न फोडता कपाटात ठेव आणि मला दोन ओळी लिही. फोन करू नकोस, उगाच खर्च. (फुकट असतो हे मला माहीत आहे. तरी करू नकोस.)

तुझी
ताई

१३ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद देते आहे, पण दात ओठ खाऊन.

फोन करू नकोस असं मी लिहिलं होतं की नाही? त्यावर तू पाकीट फोडलंस, आनंदाने नाचलास आणि थेट भाचीलाच फोन लावलास! "अभिनंदन! सायकल बाहेर काढली, खोली रिकामी केली, मामीने पडदेसुद्धा शिवायला टाकले!" ती माझ्यासमोर उभी राहून "हो मामा, हो मामा" म्हणत होती आणि माझ्याकडे बघत होती. माझी पाचावर धारण बसली.

आता लपवण्यात अर्थ नाही. शहराच्या विद्यापीठाचा तो अर्ज तिने भरलाच नव्हता. मार्चमध्ये सराव म्हणून एक कोरा अर्ज आणून सही तेवढी केली होती. ती म्हणत होती की मी इथेच शिकणार, आपल्या इथे. मी हसून 'बघू' म्हणत राहिले आणि एका दुपारी तोच अर्ज भरून, तुझा पत्ता टाकून, पोस्टात टाकून आले. सात शाळांत जाऊन 'आमच्याकडे या' सांगणारी समितीची अध्यक्ष! त्याच आठवड्यात!

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे आत गेली आणि भाऊजींच्या दुकानातली चष्म्याची एक जुनी पेटी घेऊन आली. माझ्या टेबलाच्या खणातली. म्हणाली, "आई, तू चिठ्ठ्या वाटल्यास तीनशे बारा. अहवालात आहेत दोनशे एकाहत्तर. राहिलेल्या यात आहेत."

होत्याच. चिठ्ठीच्या शेवटी मी एक ओळ ठेवली होती, 'तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?' दरवर्षीच्या पत्रकात ही ओळ असते आणि तिथे कोणी काही लिहीत नाही. या वेळी एका बाकावरून साथ पसरावी तसा एकच प्रश्न पसरला. एक्केचाळीस जणांनी विचारलं होतं, 'मॅडम, तुमची स्वतःची मुलं कुठे शिकतात?' त्या मी बाजूला काढल्या. कोणत्या रकान्यात घालायच्या ते कळेना, असं मी स्वतःला सांगितलं.

आठवडा झाला, वकीलबाई माझ्याशी कामापुरतं बोलते. "मीठ दे." "दार लाव." भाऊजी दोघींच्या मधे सापडलेत, परवा तर स्वतःचेच डोळे तपासत होते. आणि बावीस तारखेपर्यंत तिने शहरात जाऊन सही केली नाही तर ती जागा पक्की होत नाही.

म्हणून तुला लिहिते. तूच तिला समजाव. तुझं ती ऐकते. तिला सांग की तू गेलास म्हणून घडलास. आणि हेही सांग की तिच्या आईलाही जाता आलं असतं, पण घरी आईबाबांजवळ कोणीतरी हवं म्हणून ती राहिली. मी स्वतः कधी हे बोलून दाखवत नाही, तू बोललास तर शोभेल.

लगेच लिही.

तुझी
ताई

१८ जून

प्रिय धाकट्यास,

तुझं चार पानी पत्र पोचलं. वकीलबाईने ते जेवताना मोठ्याने वाचलं. 'तुझी आई हुशारीत माझ्या दुप्पट होती. तिने हातची जागा सोडली म्हणून मला निर्धास्तपणे घराबाहेर पडता आलं. सत्तावीस वर्षं मी तिचं आयुष्य उसनं घेतल्यासारखा जगतोय. तू जा, तिच्या वाटचं शिक.' इथे भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मी भात कालवत राहिले, पण घास काही उचलवेना.

धाकट्या, मी ती जागा सोडली नव्हती. मला ती मिळालीच नव्हती.

आता सगळं एका दमात लिहून टाकते, नाहीतर पुन्हा भाऊजींच्या यंत्रावर गाडी नेईन. त्या वर्षी मी यादी बघायला एकटी शहरात गेले होते, आठवतं? मुख्य यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत होतं, तिसरं. चार दिवस मी मैत्रिणीकडे राहिले आणि रोज सकाळी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. नाव हललं नाही. परतीच्या बसमध्ये मी रडले आणि घरी पोचेपर्यंत वाक्य तयार केलं, "मी नाही जाणार. आईबाबांजवळ कोणीतरी हवं." बाबांनी मला जवळ घेतलं. आई तेव्हा ठणठणीत होती, तिने तर विचारलंसुद्धा, "का गं? मला काय झालंय?" पण तुझा चेहरा बघितला आणि मला ते वाक्य परत घेता आलं नाही. तू सोळा वर्षांचा होतास आणि माझ्याकडे देवाकडे बघावं तसा बघत होतास.

मग ते चिकटलंच. तू दरवर्षी माझ्या वाढदिवसाला भारीतलं पेन पाठवतोस. मी ती वापरत नाही, असं तू वहिनीपाशी कुरकुरतोस म्हणे. कशी वापरणार? सगळी डब्यात आहेत. हे पत्र त्यातल्याच एकाने लिहिते आहे. झकास चालतं रे!

तर वकीलबाईचं तुझं पत्र वाचून झालं आणि मी जेवणाच्या टेबलावरच सगळं बोलून टाकलं. भाऊजी चाटच पडले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांनाही हे माहीत नव्हतं. वकीलबाई मात्र हसत सुटली. इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "म्हणजे तूही त्या चिठ्ठीवालीच! गुण कमी पडले का, म्हणून कोणी विचारू नये यासाठी तू इतकी वर्षं आजी-आजोबांचं नाव पुढे केलंस?" दहा-बारा दिवसांनी पोरगी माझ्याशी धड एक वाक्य बोलली, तेही हे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, इथे का? ती म्हणाली, "आई, शनिवारी तुझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर मी तलावावर येते ना? ती एकोणीसच आहेत म्हणून प्रत्येकाच्या हातात बाटली असते. शेवाळ ती स्वतः काढतात, काचेवर स्वतः घेतात. मामाकडच्या त्या विद्यापीठात एका सूक्ष्मदर्शकामागे अकरा जण उभे असतात, मी विचारून घेतलंय. आणि ती साडेसहाची बस तेवढी अहवालात नीट लिही, त्या बसचा खरंच वैताग आहे."

चोवीस वर्षं मी त्या तलावावर जाते आहे. शेवाळ ओळखायला शिकलेली माझी मुलं कुठे कुठे पोचली आहेत. तरी मनातून ती जागा मला कायम उरलीसुरली वाटत राहिली, आणि मुलीला त्यातून सोडवायला मी निघाले होते. मुलांना याचा वास येतो रे. मग फाटक रंगवून काय होणार? एक्केचाळीस चिठ्ठ्या मी अहवालात घातल्या आहेत, पहिल्याच पानावर, आणि खाली उत्तरही लिहिलं आहे. कुलगुरूंनी वाचून म्हटलं, "हे फार खासगी होतंय." मी म्हटलं, "होऊ दे."

आता तुझं काम. तू सत्तावीस वर्षं माझ्यापायी उगाच ओझं वाहिलंस, त्याची माफी मागते. समोर आलास की कान धर माझा. मी मोठी असले तरी धर. वहिनीला सांग, पडदे वाया जाणार नाहीत. सुट्टीत आम्ही तिघं त्या खोलीत येऊन राहणार आहोत. सायकल मात्र आत आणू नकोस.

सोबत वकीलबाईचं जागा सोडल्याचं पत्र आहे, तिची खरी सही आणि खाली माझी. हे टपालाने पाठवू नकोस. हे मिळालं की दुसऱ्याच सकाळी प्रवेश कार्यालयाची खिडकी उघडताच स्वतः जा आणि हातात दे. लोक घेऊन ठेवलेल्या जागा सोडायला जातच नाहीत, आणि महिनाभर त्या तशाच अडकून पडतात. मला पुढे कळलं की माझ्या वर्षी त्या वर्गात चार बाकं शेवटपर्यंत रिकामी होती.

पत्र दिलंस की डावीकडच्या भिंतीपाशी जा. प्रतीक्षायादी अजून तिथेच लावतात. तिच्यापुढे कोणीतरी उभं असेल. त्याला सांग, एक जागा सुटली आहे.

तुझी,
यादीत तिसरी असलेली,
ताई