कडेनं दिसणारी दीर्घिका

१८ एप्रिल

खिशातून पिवळा फडका काढला, तिथं सगळं बिघडलं.

काल अमावास्या. गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, दुर्बीण लावली होती. चिंतामणी काकांनी महिनोन्‌महिने हातानं घासून तिचा आरसा केलाय. नुसता लाकडी सांगाडा, तळाशी आरसा उघडा. त्यांची पुतणी नीरजा लोकांना आकाश दाखवते. मी नीरजाला बघायला जातो. वहीत तरी खरं लिहावं.

ती म्हणाली, ही दीर्घिका आपल्याला कडेनं दिसते. घावन डोळ्यासमोर आडवं धरलं की रेघच दिसते, तशी. मी बघितलं. फिकट, करडी रेघ. शेजारी तिच्या मदतीला असणारा सलिल, तिला खेटून उभा! मी मोठ्यानं म्हटलं, "दीर्घिका कसली, चरा पडलाय तुमच्या आरशाला."

"चष्म्याचं दुकान इथं पण उघडलंस काय रे?" सलिल म्हणाला. सगळे हसले. नीरजा पण.

डोकं फिरलं. असंच डोकं फिरून दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं नि बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसत बसलो. सगळे चहाला वळले तसा वाकलो आणि दुकानातल्या त्या फडक्यानं आरसा पुसला. खसाखसा. परत डोळा लावला — रेघ तिथंच! खरी होती.

१९ एप्रिल

उन्हात आरसा बघितला. गोल गोल ओरखडे. काका म्हणाले, याचा मुलामा काचेच्या वर असतो, घरातल्या आरशासारखा मागे नाही. सड्याची तांबडी धूळ घासली की संपलं. मला हे ठाऊक नव्हतं. आणि काचेतलं सगळं कळतं म्हणून मिरवतो!

आरसा झाकायचं काम सलिलचं. नीरजा त्याला वाट्टेल ते बोलली. मी उभा होतो. फडका खिशात. बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटतेय — पण बरं वाटलं.

२१ एप्रिल

आईनं घावनं केली. एक डोळ्यासमोर आडवं धरलं. खरंच रेघ. आई म्हणाली, "खा की. बघत काय बसलास?"

नीरजा सांगत होती, तो उजेड तिथून निघाला तेव्हा माणूस जन्मायचा होता. एवढ्या लांबून नीट आला, आणि शेवटच्या वीतभर वाटेत मी फडका मारला.

घावन तसंच राहिलं.

२२ एप्रिल

सलिल दुकानात आला. वाटलं, भांडणार. मी तयारच होतो. तर म्हणाला, घाईघाईत झाकताना माझीच बाही घासली असणार, नीट आठवत नाही रे. मग खाली बघून, "तू सांग ना नीरजाला. तुझं ऐकेल ती."

मी हो म्हणून मान हलवली. हलवली!

२३ एप्रिल

काही नाही.

२४ एप्रिल

नीरजाचा फोन. पहिल्यांदाच. आरसा मुलाम्यासाठी पुण्याला पाठवायचाय, आज खोक्यात बांधायचा. "तू ये. काच कशी धरायची ते तुला कळतं. सलिलला नाही बोलावलं."

हेच तर हवं होतं मला.

सलिलला फोन केला. म्हटलं, नीरजाकडे ये, तुझ्यासमोरच तिला सांगायचंय. तो "काय, काय" करत होता. ठेवला फोन.

फडका घेतलाय. वही इथंच. निघालो. दार ओढून घेतो, नाहीतर परत आत येईन.