एमआयडीसीतला तो गाळा

लातूर, गुरुवार

आज तो गाळा उघडा दिसला. ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून किती वर्षं त्याच्या बंद शटरसमोरून जातोय मी! मनात तिथं माझा तेलघाणा कधीच लागला होता. आज खरंच घाणा फिरत होता, पण औशाच्या एका पोरीचा. करडईच्या तेलाचा वास पार रस्त्यापर्यंत.

“या की काका, तेल बघा.”

आत गेलो अन् राहवलं नाही. म्हटलं, “पेंडीची पोती दारात नको ठेवू, पावसाची झड आत येते. मागच्या खिडकीपाशी लाव.” मागं खिडकी आहे हे मला कसं ठाऊक, ते तिनं विचारलं नाही. लगेच पोती ओढायला लागली. मग म्हणाली, “काका, तुम्ही ह्याच धंद्यातले का?”

मी “हाव” म्हणालो. का म्हणालो?

घरी ही म्हणाली, “तेल हाय की घरात. हे आणखी कशाला आणलं?” मी बाटली फडताळात ठेवली. बोटांना अजून करडईचा वास आहे.

उद्यापासून सरळ रस्त्यानं घरी यायचं, ठरलं. पण तिनं सगळी पोती हलवली असतील का? एकदा बघून यायला पाहिजे.